खैरात उदंड, छप्पर कुठे?

रमजान आला की आमच्या मोहल्ल्यांत देगी चढतात. मशिदीच्या दारात, दर्ग्याच्या चौकात, स्टेशनबाहेर इफ्तारच्या पुड्या वाटल्या जातात. डिसेंबर-जानेवारीत ब्लँकेटांचे गठ्ठे निघतात. ट्रस्टची गाडी येते, फुटपाथवर झोपलेल्याला उठवून त्याच्या अंगावर ब्लँकेट घातले जाते, फोटो निघतो, गाडी पुढे जाते. काही दिवसांनी महापालिकेची गाडी येते आणि तेच ब्लँकेट, तीच पातेली, तीच ताडपत्री उचलून नेते. देणाऱ्याचा हिशेब वाटपाच्या रात्रीच पुरा झालेला असतो. घेणारा होता तिथेच असतो.

भुकेल्याला जेवू घालणाऱ्याची आम्हाला टिंगल करायची नाही. तो सवाबच आहे आणि तो थांबू नये. आमची तक्रार वेगळी आहे. आपल्या देशातला दानधर्म, मग तो मोहल्ल्यातल्या जमातीचा असो की मोठ्या कंपनीच्या फाउंडेशनचा, बेघर माणसाची एक रात्र निभावून देतो. त्याचे बेघरपण संपवण्यावर तो खर्च करत नाही. वर्षानुवर्षे तोच माणूस, त्याच फुटपाथवर, आमच्याच हातून पुडी घेतो आणि आम्ही त्याला आमच्या सेवेचे सातत्य म्हणतो! वास्तविक ते आमच्या अपयशाचे सातत्य आहे.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळांत शिकवणारी माणसे. बी.एड. करताना आम्हाला पाठ टाचण शिकवले, बालमानसशास्त्र शिकवले. पण जनरल रजिस्टरमध्ये पत्त्याच्या रकान्यात ‘पुलाखाली’ असे सांगणाऱ्या आईसमोर पेन कसे धरायचे, हे कोणी शिकवले नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. म्हणून मूल वर्गात येते. दोन महिने बसते, अलिफ-बे ओळखू लागते आणि एक दिवस गायब होते. चौकशी केली की कळते, तिथला फुटपाथ साफ केला. मग शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणात आम्हीच त्याला पुन्हा शोधायला निघतो. कधी सापडते, कधी नाही. मध्यान्ह भोजन आहे, पुस्तके फुकट आहेत, गणवेश आहे. सगळे आहे, फक्त संध्याकाळी दप्तर ठेवायला जागा नाही. ज्या मुलाला दप्तर ठेवायला जागा नाही, त्याच्यावर आम्ही केलेली मेहनत पाण्यात जाते. या विषयात आम्ही नाक खुपसतो ते याच कारणाने.

अमेरिकेत या दुखण्याला एक वेगळे नाव आहे. तिथले सरकार एका जातीच्या बेघरपणाला, वैद्यकीय भाषेत बोलायचे तर, जुनाट म्हणते. ज्याला आजार, अपंगत्व किंवा मानसिक व्याधी आहे आणि जो सलग वर्षभर, किंवा तीन वर्षांत चार वेळा मिळून बारा महिने, रस्त्यावर नाहीतर निवाऱ्यात काढतो, तो जुनाट बेघर. व्याख्या त्यांची आहे, पण शब्द आम्हाला पटला. नवीन जखम मलमपट्टीने बरी होते. जुनाट दुखण्याला मलमपट्टी करत राहणे म्हणजे ते पोसणे होय. आपल्याकडचे जुनाटपण तर आणखी वेगळे. इथे आजी फुटपाथवर जन्मली, आई तिथेच, नातवंडेही तिथेच, अशी घराणी आहेत. घर नसलेली घराणी!

किती आहेत ही माणसे? २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री त्यांची मोजणी झाली. ते काम करणाऱ्यांत आमच्याच पेशातले वडीलधारे शिक्षक होते. रस्त्याकडेला, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, रेल्वे फलाटावर, देवळा-मशिदीच्या आवारात झोपलेली माणसे एका रात्रीत मोजायची होती. देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक भरली. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या घरात, मुंबईत ५७ हजारांच्या वर. एका रात्रीची ही मोजणी. त्या रात्री जो कामावर होता, ज्याला पोलिसांनी हुसकले होते, तो निसटला. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची २०२७ साली ठरली आहे. म्हणजे दीड दशक आम्ही जुन्या आकड्यावर खैरात करतो आहोत.

ही माणसे तिथे का आहेत, याचे उत्तर ‘आळशी आहेत’ असे देणाऱ्यांनी मुंबईचा इतिहास वाचावा. १९८१ च्या जुलैत, ऐन पावसाळ्यात, राज्य सरकारने फुटपाथवरच्या लोकांना उठवून त्यांच्या मूळ गावी धाडायचे फर्मान काढले. मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अंतुले. कोकणातल्या एका मुसलमानाने मुख्यमंत्रिपदापर्यंत मजल मारली याचा आम्हाला अभिमान वाटतो आणि तो वाटावाही. पण त्या पावसात ज्यांची खोपटी मोडली त्यांत आमचेही किती होते, हे आम्ही कधी विचारले? पत्रकार ऑल्गा टेलिस आणि फुटपाथवासी सुप्रीम कोर्टात गेले. १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने निकाल दिला. पोटापाण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असे कोर्टाने म्हटले. माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नव्हे, काम तिथे जवळ असते म्हणून, हेही मान्य केले. आणि एवढे सारे मान्य करून, पावसाळा संपल्यावर त्यांना हटवायची मोकळीकही दिली! तत्त्व गरिबाला मिळाले आणि फुटपाथ पालिकेला.

पुढे २०१० साली, दिल्लीत कडाक्याच्या थंडीत एक रैनबसेरा पाडला गेल्यानंतर, अन्नाच्या हक्काच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पुन्हा लक्ष घातले. शहराच्या दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक निवारा, तोही बाराही महिने आणि चोवीस तास उघडा, असा दंडक ठरला. २०१३ पासून केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांसाठी पैशांची तरतूद झाली, माणशी किमान पन्नास चौरस फूट जागेचा नियमही झाला. मुंबईची लोकसंख्या २०११ ला १ कोटी २४ लाख. म्हणजे सव्वाशे निवारे पाहिजेत. मुंबईकर वाचकांनी आपल्या वॉर्डातला निवारा कुठे आहे, हे एकदा विचारून पाहावे. मुंबई आजही त्या आकड्याच्या आसपास फिरकलेली नाही. कायदा आहे, कोर्टाचा हुकूम आहे, योजना झाली, तरी छप्पर नाही. मग हे सरकारच्या गळी उतरवायचे कोणी? इथेच दानाच्या पैशाचा प्रश्न सुरू होतो.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पडले. कोणत्या कामांवर, त्याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तीत भूक आहे, शिक्षण आहे, खेळ आहे, वारसावास्तू आहेत, महिला आणि अनाथांची वसतिगृहे आहेत, झोपडपट्टी विकासही आहे. बेघर हा शब्द मात्र नाही. अर्थात भूक आणि गरिबी या कलमाखाली बेघरांचे काम बसवता येते. पण बसवायची इच्छा पाहिजे. फाउंडेशनची माणसे विचारतात, ‘लाभार्थी किती?’ दहा हजार मुलांना दप्तरे वाटली तर दहा हजार लाभार्थी. त्याच पैशात वीस माणसांना खोली, औषधपाणी आणि वर्षभर पाठीशी उभा राहणारा कार्यकर्ता दिला, तर लाभार्थी फक्त वीस. अहवालात वीस हा आकडा शोभत नाही. म्हणून दप्तरे.

दुसरे दुखणे मुदतीचे. काम एका वर्षाचे, फार तर तीन-चार वर्षांचे. वीस वर्षे रस्त्यावर काढलेला माणूस मार्चअखेर बरा कसा होणार? तिसरे दुखणे पगाराचे. दाता म्हणतो, ‘वस्तूला पैसा देतो, पगाराला नाही.’ पण जुनाट बेघर माणसाला घरात टिकवणारी वस्तू नसते, माणूस असतो. जो त्याला आधार कार्ड काढायला नेतो, दवाखान्याच्या रांगेत उभा राहतो, घरमालकाशी भांडण झाले तर मध्ये पडतो, त्याचा पगार म्हणजेच हे काम. भिंतीवर दात्याच्या नावाची पाटी लागते, कार्यकर्त्याच्या पाठीवर लागत नाही, एवढाच काय तो फरक.

आणि परदेशी पैशाचीही वाट आता अरुंद झाली आहे. २०२० साली परदेशी देणगीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. एका संस्थेने आलेली देणगी दुसऱ्या लहान संस्थेला पुढे द्यायची सोय बंद झाली, कारभाराच्या खर्चाची मर्यादा वीस टक्क्यांवर आणली. फुटपाथवर काम करणाऱ्या लहान मंडळांना मोठ्या संस्थांमार्फत जो पैसा यायचा तो आटला. म्हणजे आता देशातल्याच दात्यांनी हे ओझे उचलायचे आहे. सबब सांगायची सोय राहिली नाही.

फाउंडेशनच्या पैशाने काय होऊ शकते? जिथे त्याचा नीट वापर झाला तिथले पाहू. १९८५ साली अमेरिकेत रॉबर्ट वुड जॉन्सन आणि प्यू या दोन धर्मादाय संस्थांनी मिळून १९ शहरांत बेघरांसाठी दवाखाने काढले. दवाखाने कायम चालवायचा त्यांचा इरादा नव्हता. हे काम होऊ शकते हे दाखवायचे आणि सरकारच्या गळ्यात घालायचे, असा तो डाव होता. तो साधला. १९८७ साली तिथल्या काँग्रेसने बेघरांसाठी मॅकिनी कायदा केला आणि हे दवाखाने सरकारी खर्चात आले. दान संपले, हक्क सुरू झाला. दानाचे सार्थक याला म्हणतात.

१९९२ साली न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने उलटा विचार केला. तोवर रीत अशी होती की, आधी दारू सोड, औषध घे, नीट वाग, मग घर मिळेल. तो म्हणाला, आधी घर द्या. किल्ली हातात पडल्यावर बाकीचे उपचार. ‘घर आधी’ हीच त्या पद्धतीची ओळख झाली. लोक हसले. मग कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत, सुमारे दोन हजार मानसिक आजारी बेघरांवर, ११ कोटी डॉलर खर्चून तिची कसोटी घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला आधी घर, दुसऱ्याला नेहमीच्या सेवा. शेवटच्या सहा महिन्यांत पहिल्या गटातले ६२ टक्के लोक पूर्ण वेळ घरात टिकले. दुसऱ्यातले ३१ टक्के. ‘यांना घर दिले तर टिकणार नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाठ करावा.

फिनलंडमध्ये १९८५ साली नगरपालिका, रेड क्रॉस, चर्च, कामगार संघटना आणि मालक संघटना यांनी मिळून वाय फाउंडेशन उभे केले. त्याने निवारे बांधले नाहीत. साध्या इमारतींतले साधे फ्लॅट विकत घेतले आणि बेघरांना भाड्याने दिले. पैशाचा एक मोठा वाटा आला तो जुगाराच्या यंत्रांच्या नफ्यातून. आमच्या दृष्टीने हराम कमाई. पण त्या कमाईने माणसाला दार मिळाले. आमच्या हलाल कमाईने त्याला पुडी मिळते. शरम कोणाला वाटावी? २००८ पासून तिथल्या सरकारने ‘घर आधी’ हेच धोरण केले. हेलसिंकीतला साल्व्हेशन आर्मीचा अडीचशे खाटांचा निवारा मोडून त्याचे ८० स्वतंत्र फ्लॅट केले. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे सतरा-अठरा हजार बेघर होते. २०२४ पर्यंत ते चार हजारांच्या आत आले होते. २०२४ मध्ये आकडा किंचित वाढला खरा, पण तो अनेक वर्षांच्या घटीनंतर.

अमेरिकेतच २०१० ते २०१४ या काळात एक लाख जुनाट बेघरांना घरी नेण्याची मोहीम झाली आणि ती एक लाख पाच हजारांवर गेली. तिची पद्धत आम्हा मास्तरांना फार आवडली. पहाटे स्वयंसेवक रस्त्यावर जात आणि प्रत्येकाचे नाव, आजार, किती वर्षे रस्त्यावर, हे लिहून घेत. सर्वांत धोक्यात असलेल्याचा नंबर पहिला. हा आमचा हजेरीपटच की! वर्गात ‘सुमारे चाळीस मुले आहेत’ असे सांगून चालत नाही. कोण आले, कोण नाही, नावानिशी सांगावे लागते. ती मोहीम चालवणाऱ्या संस्थेला २०२१ साली मॅकआर्थर फाउंडेशनने दहा कोटी डॉलर दिले.

इथे कोणी विचारील, मग अमेरिकेत बेघर उरलेच कसे? विचारावेच. जानेवारी २०२४ च्या मोजणीत तिथे ७ लाख ७१ हजार बेघर भरले, त्यांत दीड लाखावर जुनाट. आजवरचा सर्वांत मोठा आकडा. कारण स्पष्ट आहे. फाउंडेशन एका दाराने माणसे बाहेर काढते आणि वाढती घरभाडी दुसऱ्या दाराने त्याहून जास्त माणसे रस्त्यावर आणून टाकतात. जून २०२४ मध्ये तर तिथल्या सुप्रीम कोर्टाने उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करायला शहरांना मोकळीक दिली आणि २०२५ च्या जुलैत राष्ट्राध्यक्षांनी ‘घर आधी’ या धोरणाचा सरकारी पाठिंबा काढून घेण्याचा आदेश काढला. यातून धडा असा की, कितीही श्रीमंत फाउंडेशन सरकारची जागा घेऊ शकत नाही. त्याचा पैसा पहारीसारखा वापरावा लागतो. सरकारचा जड दगड हलवायला पहार लागते. पण पहार म्हणजे काही घर नव्हे.

आपल्याकडे अशी पहार चाललेली नाही असे नाही. भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी १९८६ साली ‘महिला मिलन’ स्थापन केले. ‘स्पार्क’ ही संस्था त्यांच्या पाठीशी होती. त्या बायकांत मुसलमान बायका पुष्कळ. रोज दोन-चार रुपये बचत करायची, आपली मोजणी आपणच करायची, घर कसे हवे त्याचा कापडा-लाकडाचा पूर्ण मापाचा नमुना उभा करून अधिकाऱ्यांना त्यात फिरवायचे, हे सगळे त्यांनी केले. देणग्यांचा पैसा त्यांच्या घरांसाठी पुरला नसता. तो त्यांच्या संघटनेला पुरला. परिणाम असा की, १९९५ च्या पुनर्वसन धोरणात फुटपाथवासीही घराला पात्र ठरले आणि पुढे मानखुर्दला त्यांचे मिलन नगर उभे राहिले. वीस वर्षे लागली. एका वर्षाच्या प्रकल्पवाल्यांनी ही वीस वर्षे ध्यानात ठेवावीत.

मानसिक आजारी बेघरांचे पाहा. डॉ. भरत वटवाणी यांनी १९८८ पासून रस्त्यावरच्या मनोरुग्णांना उचलून, उपचार करून, त्यांच्या गावी घरी पोचवायचे काम केले. कर्जतला त्यांच्या श्रद्धा फाउंडेशनचे केंद्र आहे. २०१८ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ने २०१५ पासून मनोरुग्णालयात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या बायकांना चार-पाच जणींच्या गटाने साध्या वस्तीत भाड्याच्या घरात ठेवले, सोबत एक मदतनीस दिली. त्या बाजारात जातात, शेजारणींशी भांडतात, सण करतात. महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी अशी चार सरकारी मनोरुग्णालये आहेत. तिथून बरे झालेले, पण न्यायला कोणी नाही म्हणून अडकलेले किती असतील, त्यांच्यासाठी अशी घरे का नकोत?

आता आमच्या घरात डोकावू. दुसऱ्यांच्या फाउंडेशनला नावे ठेवून आम्ही सुटत नाही.

जकातीच्या आठ हकदारांत फकीर आहे, मिस्कीन आहे, कर्जात बुडालेला आहे आणि मुसाफिरही आहे. ‘जकात इमारतीवर चालत नाही’ असे ट्रस्टी सांगतात, ते हनफी मताने बरोबरच आहे. तमलीक म्हणजे माणसाला मालक करून देण्याची अट आहे. पण मग माणसाच्या हातात खोलीचे डिपॉझिट द्या, महिन्याचे भाडे द्या! तमलीक याहून वेगळी काय असते? एकाच फकिराला निसाबाएवढी रक्कम एकदम देणे हनफी उलेमा मकरूह मानतात. परंतु तो कर्जदार किंवा बालबच्चेवाला असेल तर मुभा आहे, आणि भाडे तर महिन्याला थोडे थोडेच जाते. कोकणातल्या आमच्या शाफई बांधवांना तर आणखी मोकळी वाट आहे. त्यांच्या फिकहात गरिबाला त्याची गरज कायमची भागेल इतके देता येते. आपल्या इमामांना विचारून पाहा. एका माणसाचे दैन्य संपवण्याऐवजी शंभर माणसांना शंभर रुपये देण्याची सवय ही शरीयतची सक्ती नव्हे. ती आमची सोय आहे.

आणि वक्फ? २००६ च्या सच्चर समितीने सांगितले की देशात नोंद झालेल्या वक्फ मालमत्ता ४ लाख ९० हजारांच्या घरात, बाजारभावाने १ लाख २० हजार कोटींच्या. उत्पन्न मात्र वर्षाला १६३ कोटी. नीट वापरल्या तर १२ हजार कोटी यावेत, असा समितीचा अंदाज होता. मुंबईत अल्टामाउंट रोडवरची करीमभाई इब्राहिम खोजा अनाथालयाची जमीन २००२ साली विकली गेली, त्या विक्रीचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि त्या जागेवर आज २७ मजल्यांचे एक खासगी घर उभे आहे. यतीमांची जागा आणि एका कुटुंबाचा महाल! २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्याविरुद्ध आम्हीही सह्या केल्या, सभांना गेलो. पण ‘वक्फ वाचवा’ म्हणणाऱ्याने वक्फ कोणासाठी वाचवायचा, हेही सांगितले पाहिजे. वक्फच्या इमारतीत दोन खोल्या बेघर कुटुंबांसाठी राखल्या असत्या, तर आमच्या बाजूने बोलायला शेजारचा हिंदू भाडेकरूही उभा राहिला असता. पूर्वजांनी मुसाफिरखाने बांधले, यतीमखाने बांधले. मदिनेच्या मस्जिद-ए-नबवीत ज्यांना घर नव्हते त्या सहाबांसाठी सुफ्फा होता. ते तिथेच राहत, तिथेच शिकत. आमच्या बहुतेक मशिदींना इशानंतर कुलूप लागते.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. पहिला, ‘हे बाहेरचे लोक.’ मराठवाड्याच्या दुष्काळातून आलेला बाहेरचा? तीन पिढ्या इथल्या गटारी साफ केलेला बाहेरचा? दुसरा, ‘घर विकून पुन्हा फुटपाथवर येतील.’ त्यासाठी घर लगेच मालकीचे करून देण्याची गरज नाही. फिनलंडप्रमाणे भाड्याने द्या, आणि कॅनडाचा आकडा वर दिलाच आहे. शिवाय कामाच्या जागेपासून तीस किलोमीटरवर घर देऊन माणूस परत आला, तर दोष माणसाचा नसतो, नकाशाचा असतो. तिसरा, ‘आपल्यांनाच आधी.’ फुटपाथला मजहब नसतो. उलेमांचे मत धरून जकात मुसलमानांपुरती ठेवा. सदका आणि इतर दान कोणालाही देता येते. पुडी देताना नाव विचारत नाही, मग किल्ली देताना का विचारावे?

आमच्या मागण्या मोठ्या नाहीत. प्रत्येक मोठ्या मोहल्ल्यातल्या जमातीने आपल्या हद्दीतल्या बेघरांचा हजेरीपट करावा, नावानिशी. हे काम आम्ही शिक्षक फुकट करू. मोजायची आम्हाला सवय आहे. रमजानात जमणाऱ्या रकमेचा एक ठरावीक हिस्सा डिपॉझिट आणि भाड्यासाठी बाजूला काढावा. वर्षाला पाच कुटुंबे झाली तरी चालतील, पण ती पाच कुटुंबे पुढच्या वर्षी यादीत दिसता कामा नयेत. एका कार्यकर्त्याचा पूर्ण पगार द्यावा आणि तो देताना हात आखडू नये. कंपन्यांच्या फाउंडेशनांत आमची शिकलेली मुले आता अधिकारी आहेत. त्यांनी ‘लाभार्थी किती’ हा प्रश्न बदलून ‘किती जण रस्त्यावरून कायमचे उठले’ असा करून घ्यावा. आणि वकील मंडळींनी एक लाखामागे एक निवारा हा दंडक हातात घेऊन आपापल्या महापालिकेच्या दारात बसावे. आमचे दान हे सरकारची सुटका करण्यासाठी नाही, सरकारला कामाला लावण्यासाठी आहे.

ट्रस्टचा वार्षिक अहवाल दरवर्षी आमच्या हातात येतो. किती देगी, किती ब्लँकेटे, किती शिलाई मशीन, सगळे छापलेले असते. येत्या वर्षी त्यात आणखी एकच ओळ छापावी : गेल्या वर्षीच्या यादीतली किती माणसे आज स्वतःच्या दाराला आतून कडी लावून झोपली. ती संख्या शून्य असेल तर शून्य छापा. निदान आम्ही कुठे उभे आहोत, हे तरी समाजाला कळेल.